पाठीतल्या पाण्याची तपासणी, म्हणजेच सीएसएफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातल्या लॅबमधले टेक्निशियन, वॉर्डातल्या सिस्टर, इंटर्न आणि पेशंटचे नातेवाईक सीएसएफबद्दल जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. बरीच उत्तरं लॅबवाल्यांसाठी आहेत. सुरुवातीची तीन मात्र नातेवाइकांनी नक्की वाचावीत.

पाठीतलं पाणी म्हणजे नेमकं काय?

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरणारा हा स्वच्छ द्रव आहे. पुस्तकात त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात, लॅबमध्ये सीएसएफ आणि बोलताना सगळेच पाठीतलं पाणी म्हणतात. मोठ्या माणसात तो एका वेळी १२५ ते १५० मिली असतो. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिली नवा द्रव तयार करतं आणि जुना रक्तात शोषला जातो. हिशेब केला तर तासाला साधारण २० मिली. म्हणजे तपासणीला काढलेले १० मिली अर्ध्या तासात भरून निघतात. "एवढं पाणी काढलं, आता डोक्यात काय उरलं?" या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे.

पाणी काढल्यावर माणूस लुळा पडतो, असं गावाकडे म्हणतात. खरं आहे का?

नाही. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत घालतात. तिथे फक्त मज्जातंतूंचे सुटे धागे द्रवात तरंगत असतात आणि सुई लागली की ते बाजूला सरकतात. पायात क्षणभर वीज चमकल्यासारखं होतं ते त्यामुळेच.

ही समजूत कुठून आली तेही सांगायला हवं. मेंदूज्वर किंवा मेंदूचा टीबी झालेल्या पेशंटला आजारामुळेच लकवा येतो. लक्षात राहते ती सुई, आणि दोष तिच्यावर जातो. मग पुढच्या घरातले लोक सहीला नकार देतात, दोन दिवस वाया जातात आणि त्या दोन दिवसांत मेंदूचं जे नुकसान होतं ते परत भरून येत नाही. नातेवाइकांशी या विषयावर पाच मिनिटं शांतपणे बोलणं हा तपासणीचाच भाग समजावा.

काही पेशंटमध्ये मात्र डॉक्टर स्वतःच थांबतात. एका बाजूचा अशक्तपणा, डोळ्याच्या पडद्यावर सूज, बेशुद्धी किंवा नव्याने आलेली फिट असेल तर आधी सीटी स्कॅन करतात. प्लेटलेट ४०-५० हजारांच्या खाली असतील, रक्त पातळ होण्याचं औषध चालू असेल किंवा सुईच्या जागी गळू असेल तरी थांबतात. त्या काळात अँटिबायोटिक थांबवत नाहीत. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणं) घेऊन औषध सुरू करतात.

नंतर डोकं का दुखतं? दिवसभर उताणं झोपवून ठेवायचं का?

सुईच्या भोकातून थोडं पाणी आतल्या आत बाहेर झिरपत राहतं आणि दाब कमी होतो. म्हणून उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. झोपवून ठेवल्याने हे टळत नाही हे आता पक्कं माहीत आहे. दुखू लागलं तर आडवं पडून बरं वाटतं, इतकंच. खरा फरक पडतो तो सुईने. बोथट टोकाची, बारीक सुई वापरली तर त्रास बराच कमी होतो.

किती पाणी घ्यायचं आणि कोणत्या बल्बमध्ये?

चार निर्जंतुक बल्ब घ्या आणि पाणी पडायला लागण्याआधीच त्यांवर १, २, ३, ४ लिहा. नंतर लिहायचं ठरवलं की क्रम हमखास चुकतो. पहिला बायोकेमिस्ट्रीला, दुसरा मायक्रोबायोलॉजीला, तिसरा पेशी मोजायला आणि चौथा सायटोलॉजी (पेशींची रचना पाहणं), पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणं) किंवा राखीव. या क्रमाला कारण आहे. पहिल्या थेंबांत सुईमुळे आलेलं रक्त आणि कातडीवरचे जंतू जास्त असतात. साखर-प्रोटीनला त्याची बाधा कमी, कल्चरला आणि पेशींना जास्त.

साखरेसाठी पहिल्यातलं अर्धा मिली लगेच फ्लोराइड बल्बमध्ये (यातलं रसायन साखर खाल्ली जाऊ देत नाही) काढा. बाकी सगळे प्लेन, फिरकीच्या झाकणाचे. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन असलेला) बल्ब नको, तो पीसीआरला चालला तरी कल्चरला चालत नाही.

प्रमाण असं धरा: बायोकेमिस्ट्री १ मिली, पेशी १ मिली, ग्रॅम (जंतू रंगवून पाहणं) आणि कल्चर २ मिली, व्हायरल पीसीआर १ मिली. टीबीची शंका असेल तर फक्त टीबीसाठी वेगळे ६ मिली, जमल्यास ८ ते १०. कॅन्सरच्या पेशी शोधायच्या असतील तर सायटोलॉजीला १० मिली. साधारण २० थेंबांचा १ मिली होतो. सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे चारही बल्बांत मिळून दीड मिली पाणी आणि फॉर्मवर अकरा तपासण्या. मोठ्या माणसाकडून १० ते १५ मिली घेणं सुरक्षित आहे. कमी घेतल्याने पेशंटचं रक्षण होत नाही, उलट दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ येते.

नाव आणि नोंदणी क्रमांक बल्बच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं सेंट्रिफ्यूजजवळ (नमुना गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र) अदलाबदल होतात. आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील असणं रोजचंच, त्यामुळे क्रमांकाशिवायचा बल्ब धोक्याचा.

सोबत रक्तातली साखर कशाला?

त्याशिवाय सीएसएफच्या साखरेला अर्थच नाही. पाण्यातली साखर रक्तातून येते आणि साधारण रक्ताच्या ६० टक्के असते. समजा रिपोर्टवर ८० मिलिग्रॅम आले. दिसायला नॉर्मल. पण पेशंटला डायबेटिस आहे आणि रक्तातली साखर ३०० आहे. प्रमाण निघालं ०.२७. ते ०.४ च्या खाली गेलं की बॅक्टेरियाचा किंवा टीबीचा संशय धरतात. म्हणजे "नॉर्मल" ८० खरं तर फार कमी आहेत.

रक्तातला बदल पाण्यात उतरायला दोनेक तास लागतात, म्हणून रक्ताचा नमुना पाणी काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावा. नंतर सलाइनमधून ग्लुकोज चालू झाल्यावर घेतलेलं रक्त दिशाभूल करतं. फॉर्मवर दोन्ही वेळा लिहा.

नमुना किती वेळात लॅबला पोहोचला पाहिजे?

अर्ध्या तासात पोहोचला तर उत्तम, एका तासाच्या पुढे जाऊ नये. सीएसएफमध्ये प्रोटीन कमी असल्याने पेशींना आधार नसतो आणि त्या फुटायला लागतात. न्यूट्रोफिल (पू झाला की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सगळ्यांत आधी जातात. खोलीच्या तापमानाला एका तासात त्यांतले एक तृतीयांश आणि दोन तासांत जवळजवळ निम्मे नाहीसे होतात. लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) टिकून राहतात. परिणाम काय, तर पू झालेलं मेंदूज्वराचं पाणी उशिरा मोजलं की टीबीसारखं किंवा व्हायरलसारखं दिसतं. चूक दिसत नाही, कारण आकडा व्यवस्थित असतो.

दुसरीकडे बॅक्टेरिया असतील तर तेही पेशींबरोबर साखर खात राहतात आणि ती खोटीच कमी दिसते. म्हणून फ्लोराइड.

वॉर्डातल्या मामांकडे इतर पंचवीस बल्बांच्या ट्रेमध्ये सीएसएफ देऊ नका. तो स्वतंत्र, हातात द्यायचा नमुना आहे. लॅबने घेतल्याची वेळ लिहून सही करावी.

फ्रीजमध्ये ठेवायचा का?

कल्चरचा बल्ब कधीच नाही. मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस हे मेंदूज्वराचे जंतू थंडीत मरतात. तो खोलीच्या तापमानाला ठेवा, शक्य असेल तर ३५ ते ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. अमीबाची शंका असेल तरी तसंच, कारण हलणारा अमीबा ओल्या स्लाइडवर कोमट पाण्यातच ओळखू येतो. व्हायरल पीसीआरचा आणि अँटिबॉडीचा बल्ब मात्र २ ते ८ अंशांत ठेवा आणि दिवसांवर वेळ जाणार असेल तर गोठवा. "सगळे बल्ब एकत्र बर्फात" ही सवय मोडायलाच हवी.

चंदगड, गगनबावडा किंवा कोकणातून नमुना यायला वेळ लागतो. तेव्हा काय करायचं?

चंदगडहून कोल्हापूर अडीच-तीन तास. वडापच्या गाडीतून किंवा एसटीतून आला तर आणखी. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला बल्ब तर भाजूनच निघतो. अशा वेळी नमुना पाठवण्याऐवजी तपासणीचा पहिला भाग जागेवर करायचा. सीएसएफच्या पेशी मोजायला महागडी मशीन लागत नाही. मायक्रोस्कोप, न्यूबार चेंबर (पेशी मोजायची जाळीची काच) आणि शिकलेला हात एवढं कोणत्याही तालुक्याच्या लॅबमध्ये असतं.

पेशी तिथेच मोजा, आकडा आणि वेळ चिठ्ठीवर लिहा. दोन स्लाइड करा, हवेत वाळवा, एक ग्रॅमला आणि एक लीशमनला (पेशी रंगवायचा स्टेन). वाळलेली स्लाइड प्रवासात खराब होत नाही. साखरेसाठी फ्लोराइड बल्ब. ब्लड कल्चरची बाटली असेल तर त्यात थोडं पाणी निर्जंतुक पद्धतीने टाका, पण तेवढ्यावर विसंबू नका. त्या बाटलीत एसपीएस नावाचं रसायन असतं आणि मेनिंगोकोकसला ते मारक ठरू शकतं. प्लेन बल्बमधलं पाणीही सोबत पाठवा, बर्फाशिवाय.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याची वाट बंद झाली. पुण्याला पाठवायच्या पीसीआर-अँटिबॉडीच्या नमुन्याचा राखीव भाग अशा दिवसांत गोठवून ठेवलाच पाहिजे.

नुसतं पाहून काही कळतं का?

बरंच. एका बल्बमध्ये सीएसएफ, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर, मागे पांढरा कागद धरा. नॉर्मल पाणी नितळ असतं, दोन्हींत फरक दिसता कामा नये. एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी २०० च्या वर किंवा लाल पेशी ४०० च्या वर गेल्या की गढूळपणा जाणवू लागतो. म्हणून "दिसायला स्वच्छ आहे, पेशी मोजायची गरज नाही" हे चुकीचं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात १५० पेशी असू शकतात, आणि टीबीचं पाणी बऱ्याचदा तसंच असतं.

टीबीचं पाणी न हलवता तासन्‌तास ठेवलं की वर कोळ्याच्या जाळ्यासारखा नाजूक पापुद्रा येतो. तो टाकून देऊ नका, जंतू त्यातच अडकलेले असतात. पाणी पिवळं असून आपोआप गोठत असेल तर प्रोटीन प्रचंड वाढलेलं आहे. मणक्यात कुठेतरी वाट अडली असेल असं डॉक्टरांना कळवा.

पाणी लाल आलं. मेंदूत रक्तस्राव की सुई लागली?

पहिल्या आणि शेवटच्या बल्बमधल्या लाल पेशी मोजा. सुईचं रक्त असेल तर आकडा उतरत जातो, रक्तस्राव असेल तर साधारण सारखाच राहतो. मग बल्ब लगेच सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी पाहा. नितळ असेल तर रक्त ताजं. पिवळं असेल तर रक्त आत काही तास होतं. हा पिवळेपणा रक्तस्रावानंतर २ ते ४ तासांत सुरू होऊ शकतो, १२ तासांनी जवळजवळ सगळ्यांत दिसतो आणि दोन-तीन आठवडे टिकतो. उशिरा सेंट्रिफ्यूज केलं तर बल्बमध्येच लाल पेशी फुटतात आणि खोटा रंग येतो. हा पिवळा रंग देणारं बिलिरुबिन उजेडाने नाश पावतं, म्हणून हा बल्ब चांदीच्या कागदात गुंडाळून आणा. कावीळ असलेल्या पेशंटमध्ये आणि प्रोटीन १५० च्या वर असेल तरी पाणी पिवळं दिसतं, हे ध्यानात ठेवा.

सुईच्या रक्तासाठी ढोबळ वजावट अशी: दर ५०० ते १,००० लाल पेशींमागे १ पांढरी पेशी आणि दर १,००० लाल पेशींमागे १ मिलिग्रॅम प्रोटीन. लाल पेशी १०,००० असतील तर १० ते २० पांढऱ्या पेशी वजा. वजा केल्यावरही २०० उरत असतील तर त्या खऱ्या. रिपोर्टवर मूळ आकडाच द्या, वजावटीची टीप खाली लिहा.

पेशी नेमक्या कशा मोजायच्या?

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर.

बल्ब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करा. पेशी तळाला बसलेल्या असतात आणि वरचं पाणी घेतलं की आकडा निम्मा येतो. पाणी नितळ असेल तर पातळ न करता सरळ चेंबर भरा. भरलेला चेंबर ओल्या कापसाच्या पेट्री डिशमध्ये झाकून ५ ते १० मिनिटं ठेवा, म्हणजे पेशी खाली बसतील आणि पाणी सुकणार नाही. मग न्यूबार चेंबरचे नऊही मोठे चौकोन मोजा. प्रत्येक चौकोनात ०.१ मायक्रोलिटर, म्हणजे नऊ चौकोनांत ०.९. मोजलेल्या संख्येला ०.९ ने भागा. नऊ चौकोनांत ४५ पेशी मिळाल्या, तर मायक्रोलिटरला ५०.

आता चूक पाहा. रक्ताच्या पांढऱ्या पेशी मोजताना १:२० पातळ करून चार कोपऱ्यांचे चौकोन मोजतात आणि ५० ने गुणतात. हाताला तीच सवय असते. पातळ न केलेल्या सीएसएफमध्ये चार चौकोनांत ४ पेशी दिसल्या आणि सवयीने ५० ने गुणलं, की रिपोर्ट जातो २०० चा. खरा आकडा १०. त्यावरून कुणाला आठवडाभर महागडी इंजेक्शनं लागतात, किंवा उलट हिशेब चुकून कुणाची सुटतात. भिंतीवर सीएसएफचं सूत्र मोठ्या अक्षरात वेगळं लावा.

फुक्स-रोझेनथाल चेंबर असेल तर जास्त चांगलं. त्याची खोली ०.२ मिलिमीटर, पूर्ण जाळीत ३.२ मायक्रोलिटर बसतं. कमी पेशींच्या नमुन्यात आकडा अधिक भरवशाचा येतो.

पाणी रक्तमिश्रित असेल तर टर्क फ्लुइड वापरा. त्यातलं ॲसेटिक ॲसिड लाल पेशी फोडतं आणि जेन्शियन व्हायोलेटने केंद्रकं जांभळी दिसतात. किती पातळ केलं तो गुणक न विसरता लावा. पू असलेल्या गढूळ नमुन्यालाही सलाइनने पातळ करावंच लागतं.

ब्लड काउंटरच्या मशीनमधून सीएसएफ काढू नका, बॉडी फ्लुइडचा वेगळा मोड नसेल तर. मशीनचं रिकामं वाचनच कधी नॉर्मल सीएसएफपेक्षा मोठं असतं. मोठ्या माणसात नॉर्मल म्हणजे ० ते ५ पांढऱ्या पेशी, लाल शून्य. नवजात बाळात २० पर्यंतही चालतात.

चेंबरमध्येच डिफरन्शियल, म्हणजे कोणत्या प्रकारच्या पेशी किती, हे दिलं तर चालेल?

नाही. चेंबरमध्ये दिसणारा गोल ठिपका लिम्फोसाइट आहे की क्रिप्टोकोकस या बुरशीचं यीस्ट, हे ओळखता येत नाही. ॲसेटिक ॲसिडने यीस्ट फुटत नाही, त्यामुळे ते थेट पेशींत मोजलं जातं. स्लाइड करून रंगवल्याशिवाय डिफरन्शियल लिहू नका.

सायटोस्पिन (फिरवून पेशी स्लाइडवर बसवणारं यंत्र) असेल तर मिनिटाला ८०० ते १,००० फेरे, ५ ते १० मिनिटं. सोबत अल्ब्युमिनचा एक थेंब, म्हणजे पेशी चुरगळत नाहीत. नसेल तर साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवून गाळाची स्लाइड करा, पण वेग वाढवू नका. लीशमन किंवा गिम्सा, आणि १०० पेशी मोजा. तेवढ्या नसतील तर "३० पेशींपैकी" असं प्रामाणिकपणे लिहा. इओसिनोफिल दिसले तर मुद्दाम नमूद करा. सिस्टिसर्कोसिसकडे (पट्टकृमीच्या अळ्यांचा आजार) बोट दाखवणारा तो धागा असतो.

प्रोटीनला नेहमीचं सीरमचं किट चालेल का?

चालणार नाही. सीरममध्ये प्रोटीन ग्रॅममध्ये असतं, इथे डेसिलिटरला १५ ते ४५ मिलिग्रॅम. बाययुरेट किटला एवढं कमी दिसतच नाही. पायरोगॅलॉल रेडचं मायक्रोप्रोटीन किट घ्या. आकडा किटच्या मर्यादेपलीकडे गेला तर पातळ करून पुन्हा लावा, "पेक्षा जास्त" लिहून सोडू नका. रक्तमिश्रित नमुना आधी सेंट्रिफ्यूज करायचा.

पाय-हात एकदम लुळे पडलेल्या पेशंटमध्ये प्रोटीन वाढलेलं आणि पेशी नॉर्मल, ही जोडी जीबीएसची (गिलां-बारे सिंड्रोम). पहिल्या आठवड्यात प्रोटीनही नॉर्मल असू शकतं. तेवढ्यावरून जीबीएस नाही असं म्हणू नये.

क्लोराइड आणि लॅक्टेट?

क्लोराइड आता सोडून द्या. टीबीसाठी ते एके काळी पाहत, आज त्यातून काही नवं कळत नाही. लॅक्टेट उपयोगी आहे: लिटरला ३.५ मिलिमोलच्या वर गेलं तर व्हायरलपेक्षा बॅक्टेरिया अधिक संभवतो. अँटिबायोटिक आधी दिलं असेल तर हा आकडा कमी भरवशाचा होतो.

ग्रॅम स्टेन आणि कल्चर कसं करायचं?

पाणी १ मिलीपेक्षा जास्त असेल तर १,५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट) वेगाने १५ ते २० मिनिटं फिरवा, झाकण घट्ट लावून. वरचं पाणी दुसऱ्या बल्बमध्ये काढा, ते अँटिजन-अँटिबॉडीच्या तपासण्यांना चालतं. गाळाची स्लाइड आणि कल्चर करा. १ मिलीपेक्षा कमी असेल तर न फिरवता सरळ लावा. स्लाइडवर एक थेंब वाळू द्या, त्यावरच दुसरा ठेवा, मग रंगवा. थेंब पसरवू नका.

भाल्याच्या टोकासारखे जोडीने असलेले जांभळे गोल म्हणजे न्यूमोकोकस. न्यूट्रोफिलच्या आत लाल-गुलाबी जोड्या, मेनिंगोकोकस. जांभळ्या काड्या दिसल्या तर कातडीवरचा कचरा म्हणून झटकू नका, नवजात बाळात, गरोदर बाईत आणि म्हाताऱ्या माणसात तो लिस्टेरिया असू शकतो. एका मिलीत एक लाख जंतू असतील तर ग्रॅममध्ये जवळजवळ नेहमी दिसतात, हजाराच्या खाली असतील तर चारातल्या तिघांत निसटतात. म्हणून ग्रॅम निगेटिव्ह म्हणजे बॅक्टेरिया नाही असं नव्हे. उलटही होतं. स्टेनच्या बाटलीत किंवा धुण्याच्या पाण्यात मेलेले जंतू असतात आणि तेच स्लाइडवर दिसतात. पेशी एकही नाही आणि जंतू भरपूर, असं दिसलं की नव्या स्टेनने दुसरी स्लाइड करा.

कल्चरला ब्लड अगार, चॉकलेट अगार आणि मॅकॉन्की. पहिल्या दोन प्लेटना ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हवा. तसा कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नसेल तर मेणबत्ती लावलेला बंद डबा चालतो. ३५ ते ३७ अंश, रोज पाहा, ७२ तासांच्या आत टाकू नका. प्लेट बंद कॅबिनेटमध्येच उघडा, मेनिंगोकोकसने लॅबमधल्या माणसांना आजार दिलेला आहे.

अँटिबायोटिक आधीच दिलं असेल तर?

तरीही पाणी काढा. मेनिंगोकोकस पहिल्या डोसनंतर दोन तासांत कल्चरमधून नाहीसा होतो, न्यूमोकोकसला आणखी काही तास लागतात. पण पेशी, प्रोटीन आणि साखर इतक्या लवकर सुधारत नाहीत, आणि पीसीआर मेलेल्या जंतूंचेही अंश पकडतो. अर्धवट उपचार झालेल्या पाण्यात लिम्फोसाइट जास्त दिसून टीबीचा भास होतो. म्हणून कोणतं औषध, कधी दिलं, हे फॉर्मवर हवंच. गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनची चिठ्ठी नातेवाइकांनी सोबत ठेवावी.

मेंदूच्या टीबीसाठी कोणती तपासणी?

सीबीनॅट, म्हणजे जीनएक्सपर्ट, टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मेंदूच्या टीबीत सीएसएफवर पहिली तपासणी म्हणून तिची शिफारस केली. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली ती मोफत होते. सुमारे दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालेल का, हे कळतं.

पाणी ५ मिलीच्या वर असेल तर ३,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवून गाळ वापरा. १ ते ५ मिली असेल तर तेवढंच रिएजंट मिसळा. ०.१ ते १ मिली असेल तर रिएजंट घालून २ मिली करा. ०.१ च्या खाली तपासणी होत नाही. जुन्या एक्सपर्टला मिलीत सुमारे १३० जंतू लागायचे, नव्या अल्ट्राला १६ पुरतात. अल्ट्राचा "ट्रेस" रिपोर्ट सीएसएफमध्ये पॉझिटिव्ह धरतात, फक्त रिफाम्पिसिनबद्दल त्यातून काही सांगता येत नाही.

निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं कधीही समजू नका. मेंदूच्या टीबीत जंतू फार थोडे असतात आणि पकडण्याची शक्यता पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. झेडएन स्टेन (टीबीचे जंतू रंगवून पाहणं) सहसा निगेटिव्हच येतो, पण गाळाची स्लाइड अर्धा तास चिकाटीने पाहिली तर मिळण्याची शक्यता वाढते. एमजीआयटी कल्चरला (द्रव माध्यमात टीबीचे जंतू वाढवणं) ४२ दिवसांपर्यंत लागतात, तरी ते लावायचं, कारण औषधांना दाद न देणारा टीबी तिथे कळतो. एडीए हे एन्झाइम १० युनिटच्या वर असेल तर टीबीच्या बाजूने जातं, मात्र बॅक्टेरियातही वाढतं. त्या एकाच आकड्यावर वर्षभराचे उपचार ठरू नयेत.

इंडिया इंक, म्हणजे शाई लावून क्रिप्टोकोकस पाहण्याची तपासणी, कधी?

एचआयव्ही, किडनी प्रत्यारोपण, बरेच दिवस स्टेरॉइड, किंवा महिनाभराची डोकेदुखी असेल तर. गाळाचा थेंब, शाईचा थेंब, कव्हर स्लिप. काळ्या पार्श्वभूमीवर यीस्टभोवती रुंद पांढरं वलय आणि अंकुर दिसला पाहिजे. हवेचा बुडबुडा आणि लिम्फोसाइट दोन्ही फसवतात. क्रिप्टोकोकल अँटिजनची पट्टी याहून कितीतरी पक्की आहे, मिळत असेल तर तीच करा. पाणी फार जंतूंचं असेल आणि पट्टी निगेटिव्ह येत असेल तर पातळ करून पुन्हा लावा.

व्हायरल मेंदूज्वरात काय पाठवायचं?

हर्पिससाठी पीसीआर. पहिल्या तीन दिवसांत तो निगेटिव्ह येऊ शकतो. शंका पक्की असेल तर औषध चालू ठेवून पुन्हा पाणी काढतात. जपानी मेंदूज्वरासाठी सीएसएफमधली आयजीएम एलायझा (अँटिबॉडीची तपासणी). आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत तीही निगेटिव्ह असू शकते, म्हणून दहाव्या दिवसाच्या आसपास रक्त पुन्हा द्यावं. १९६५ मध्ये नागपूरजवळ सापडलेला चांदीपुरा विषाणू लहान मुलांत तासांच्या हिशेबाने वाढतो, त्याच्या तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत नमुना २ ते ८ अंशांत, तीन थरांच्या पॅकिंगमध्ये जायला हवा. सोबत रक्त असावंच.

ऑलिगोक्लोनल बँडलाही (अँटिबॉडीचे पट्टे) त्याच दिवशीचं रक्त लागतं. पाण्यात असलेल्या आणि रक्तात नसलेल्या बँड मोजायच्या असतात, एकट्या पाण्यावरून काहीच सांगता येत नाही. सिफिलिससाठी व्हीडीआरएल सीएसएफवर करता येते, त्याच आजाराची आरपीआर नको.

पाणी एक मिलीच मिळालं. काय आधी?

उपचार लगेच कशाने बदलेल ते आधी. एका थेंबात पेशी, एका-दोन थेंबांत ग्रॅम, उरलेल्यातून कल्चर, मग साखर आणि प्रोटीनला प्रत्येकी शंभरेक मायक्रोलिटर. सगळं मायक्रोबायोलॉजीतून सुरू करा, कारण बायोकेमिस्ट्रीत उघडलेला बल्ब पुन्हा निर्जंतुक होत नाही. बाकीच्या तपासण्यांबद्दल वॉर्डला फोन करून ठरवा. मनाने एखादी गाळू नका.

लॅबने फोन कधी करायचा?

ग्रॅममध्ये जंतू, इंडिया इंक किंवा सीबीनॅट पॉझिटिव्ह, साखर ४० च्या खाली, पेशी १०० च्या वर, नवे ब्लास्ट (रक्ताच्या कॅन्सरमधल्या कच्च्या पेशी) किंवा कॅन्सरच्या पेशी. रात्री तीन वाजले असले तरी. कुणाशी बोललात, किती वाजता, आणि त्यांनी आकडा परत म्हणून दाखवला का, हे रजिस्टरला लिहा.

रिपोर्ट नॉर्मल आला, पेशंट सुधारत नाही. आता?

आजाराच्या पहिल्या काही तासांत काढलेलं पाणी नॉर्मल असू शकतं. व्हायरलमध्ये आणि टीबीत पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल जास्त दिसून बॅक्टेरियाचा भासही होतो. २४ ते ४८ तासांनी पुन्हा काढलं की चित्र उघडतं. म्हणूनच पहिल्या नमुन्यातलं उरलेलं पाणी फेकू नका. आठवडाभर फ्रीजमध्ये आणि अर्धा मिली गोठवून ठेवा, बल्बवर तारीख घालून.